तीन राजे जिना चढतात

(महिला मंडळाच्या डिसेंबरमधल्या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



भिशीच्या दिवशी ए विंगमधल्या दोन तरुण आयांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, ‘काकू, तुमच्याकडे नाताळ असतो. आमच्या मुलांना शाळेतून लाल कपडे घालून बोलावलंय. घरी आल्यावर विचारतात, सांताक्लॉज आपल्याकडे का येत नाही? घरी काहीतरी करावंसं वाटतं, पण काय करायचं ते कळत नाही. जरा सांगाल का?’ मी म्हटलं, सांगते की. त्यांनी ते वहिनींच्या कानावर घातलं आणि माझ्या ‘सांगते की’चं हे असं माइकसकट भाषण झालं. तेव्हा मी बोलणार ते जिन्यात बोलले असते तसंच. चालवून घ्या.

आधी सांताचं उरकून घेऊ. सांता म्हणजे मूळचे संत निकोलस. चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप. त्यांचा सण ६ डिसेंबरला येतो. हॉलंडमध्ये आदल्या संध्याकाळी मुलं बूट मांडून ठेवतात आणि त्यात खाऊ मिळतो. तिथून ते अमेरिकेत गेले, जाडे झाले, लाल कोट घालू लागले आणि आता मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी उभे असतात. माझं त्यांच्याशी वैर नाही. पण आमच्या लहानपणी वसईला ते आले नव्हते. आम्हाला नाताळ म्हणजे गावातल्या शिंप्याने शिवलेला नवा फ्रॉक, मध्यरात्रीची मिस्सा आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी फिरून खाल्लेलं गोडधोड. भेटवस्तू कुणी चिमणीतून टाकत नसे. वसईच्या कौलारू घरांना कसली चिमणी?

दुसरी गोष्ट त्या बाहुलीची. माझी भाची न्यू जर्सीला असते. तिच्याकडे डिसेंबर लागला की फळीवर एक लाल टोपीवाला बुटका येऊन बसतो. ‘द एल्फ ऑन द शेल्फ’ नावाचं पुस्तक २००५ साली तिकडे निघालं, त्यातून ही प्रथा पसरली. हा बुटका दिवसभर मुलांवर नजर ठेवतो, रात्री सांताकडे जाऊन चुगली करतो, आणि सकाळी घरात दुसऱ्याच जागी सापडतो. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, लावला तर त्याची जादू जाते.

भाचीने मला फोटो पाठवले. पिठाच्या डब्यात बसलेला बुटका, दिव्याला लोंबकळणारा बुटका. हसू आलंच. सकाळी उठून त्याला शोधण्यात जी गंमत आहे ती खरी आहे. पण नजर ठेवणं आणि चुगली करणं मला पटत नाही. आपल्या गेटवर सीसीटीव्ही बसवायला आपण तीन सभा घेतल्या. मग मुलांच्या खोलीत तो बाहुलीच्या रूपात बिनविरोध कशाला बसवायचा? कुणीतरी बघतंय म्हणून शहाण्यासारखं वागणारं मूल २६ तारखेला कसं वागेल, हे ज्यांना मुलं आहेत त्यांना मी सांगायला नको. शिवाय खेळ मुलांचा आणि मुलांनीच हात लावायचा नाही, हे काय?

आमच्या घरातही बाहुल्या रात्री चालतात. पण त्या कुणावर नजर ठेवत नाहीत. त्यांना स्वतःलाच कुठेतरी पोचायचं असतं. तो खेळ कसा सुरू झाला ते सांगते.

आम्ही मूळचे वसईचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाताळ हा शब्दच पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला, त्याचा अर्थ जन्माचा सण. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, शब्द आणि सण राहिले. सणात मुलांचं खरं काम म्हणजे गोठा करणं. बाळ येशूचा जन्म गोठ्यात झाला, त्याला गव्हाणीत निजवलं, म्हणून तो देखावा. १२२३ साली इटलीत ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस यांनी खरी गवताने भरलेली गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव आणून असा देखावा मांडला, तेव्हापासून ही रीत पसरली असं मानतात. वाडीत आम्हाला सामानाला तोटा नव्हता. केळीची सोपटं, नारळाच्या झावळ्या, माती, दगड, पेंढा. आठ-दहा दिवस आधी करवंट्यांमध्ये नाचणी नाहीतर गहू पेरायचा, म्हणजे नाताळपर्यंत गोठ्याभोवती हिरवंगार शेत तयार. तुम्ही घटाला धान्य पेरता, तसंच.

इथे आल्यावर माती कुठून आणायची हा प्रश्न होता. तो तुमच्या मुलांनीच सोडवला. दोन विंगच्या मधल्या जागेत दिवाळीला किल्ला व्हायचा. तुळशीचं लग्न झालं की तो मोडायचा. ती माती मी पोत्यात भरून ठेवायला लागले. मातीबरोबर दोन-चार मावळेही यायचे. एकाची ढाल तुटलेली, एकाचं नाक गेलेलं. मुलांनी त्यांना आमच्या गोठ्यात मेंढपाळांशेजारी उभं केलं. थंडीत गोठ्यावर पहारा नको का? आजही आमच्या गोठ्यात दोन मावळे आहेत. आमच्या फादरांनी ते पाहिलं तेव्हा ते इतके हसले की चहा सांडला.

तर आम्ही राहायला आलो त्या वर्षाची गोष्ट. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चार. मिस्टर शिपवर. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं, सुटून घरी यायचे ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं. जहाज बंदराला लागलं की ते खाली उतरून कार्ड घालून फोन करायचे. तीन मिनिटं. त्यात दोन्ही मुलं रिसीव्हर ओढायची आणि माझ्या वाट्याला ‘बरी आहेस ना’ एवढंच यायचं. त्या फोनवर त्यांनी मुलांना सांगितलं, नाताळला येता येणार नाही. मुलीने फोन ठेवला आणि मला म्हणाली, ‘मग नाताळ पप्पा आल्यावर करू. तू फादरना सांग.’

२५ तारीख पुढे ढकलणं माझ्या हातात नव्हतं. पण आमच्या सणाला एक शेपूट आहे, ६ जानेवारीचं. तो तीन राजांचा सण. मत्तयच्या शुभवर्तमानात गोष्ट आहे की पूर्वेकडचे ज्ञानी लोक एका ताऱ्याच्या मागोमाग निघाले, बाळाला शोधत आले आणि त्यांनी सोनं, ऊद आणि गंधरस अर्पण केला. ते तीन होते असं तिथे लिहिलेलं नाही, राजे होते असंही नाही. भेटी तीन, म्हणून लोकांनी माणसं तीन केली. आणि ते पोचले तेव्हा बाळ ‘घरात’ होतं असं म्हटलंय, गोठ्यात नाही. म्हणजे ते जन्माच्या रात्री आलेच नाहीत, मागाहून आले. गोठ्याच्या देखाव्यात मात्र आपण सोयीसाठी सगळ्यांना २४ तारखेलाच आणून उभं करतो.

गोव्यात या राजांना मोठा मान. मांडवीच्या काठी रेइश मागुश म्हणून गाव आहे, तिथलं चर्च १५५५ सालचं, त्याचं नावच तीन ज्ञानी राजांचं. कासावलीच्या बाजूला ६ जानेवारीला तीन गावांतले तीन मुलगे मुकुट घालून, घोड्यावर बसून, वेगवेगळ्या वाटांनी डोंगरावरच्या चॅपेलात येतात. स्पेनमध्ये तर मुलांना भेटी सांता देत नाही, हे राजेच देतात, नाताळ होऊन बारा दिवसांनी.

त्या वर्षी हे उशिरा येणं मला उपयोगी पडलं. मी मुलांना सांगितलं, राजे दूरच्या देशातून येताहेत, उंटावरून. निघालेत, पण वाट लांबची आहे. पप्पांसारखीच. ते ६ तारखेला पोचतील.

राजे म्हणजे वसईला घेतलेल्या संचातले बोटभर उंचीचे तीन मातीचे पुतळे आणि एक उंट. गॅस्पर, मेल्किओर आणि बाल्थाझार अशी त्यांची परंपरेने आलेली नावं आहेत, पण आमच्याकडे ते लाल राजा, हिरवा राजा आणि उंटवाला राजा. पूर्वेकडून यायचे, म्हणजे पूर्व कुठे ते आधी ठरवावं लागलं. मुलाने सकाळी उठून बघितलं, ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतं. झालं, पूर्व म्हणजे स्वयंपाकघर. गोठा हॉलमध्ये टीव्हीच्या टेबलाखाली. १६ डिसेंबरला आमची नाताळची नोव्हेना सुरू होते, सणाआधीचे नऊ दिवस. त्या रात्री राजे खिडकीतून निघाले. १६ डिसेंबर ते ५ जानेवारी, एकवीस रात्री, एकवीस मुक्काम.

आता वन बीएचकेमध्ये स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत अंतर ते किती? पंधरा पावलं. पण सहा इंच उंचीवरून बघितलं की घर फार मोठं असतं. पहिल्या सकाळी राजे तांदळाच्या डब्यावर होते. दुसऱ्या दिवशी मिक्सरच्या मागे, कारण वारा होता. फ्रिजचा वरचा भाग म्हणजे बर्फाचा डोंगर, तो चढायला दोन दिवस लागले. बाथरूमचा उंबरठा म्हणजे समुद्र, तिथे ते साबणाच्या डबीत बसून पलीकडे गेले. एकदा ते कालनिर्णयच्या खिळ्यापाशी सापडले, तारीख बघत होते. कलकल करून परात झाकून ठेवली होती त्या रात्री तिघेही परातीच्या काठावर, आणि एक कलकल अर्धं खाल्लेलं. (कलकल म्हणजे काट्याच्या नाहीतर नव्या फणीच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून वळायचं आणि तळायचं. मुलांना बसवा या कामाला. आकार कसाही आला तरी तळल्यावर सगळं सारखंच गोड लागतं.)

मुलांचं काम शोधण्यावर संपायचं नाही. सापडले की त्यांची त्या रात्रीची सोय करायची. काडेपेटीचा पलंग, बाटलीच्या झाकणात उंटाला पाणी, पेंढ्याची काडी. बुटाच्या खोक्याची धर्मशाळा केली होती, तिला मुलाने पाटी लावली, ‘उंट बाहेर बांधावेत’. हात लावायला बंदी नव्हती. रात्री चालवायचं तेवढं माझ्याकडे. आणि तेही रोज नाही. एखाद्या रात्री राजे हलतच नाहीत. उंट थकतो.

पेंढ्याचं सांगते, कारण बऱ्याच ख्रिस्ती घरांतली ती रीत आहे. गव्हाण रिकामी ठेवायची आणि मुलाने काही चांगलं काम केलं की त्याने एक काडी आत टाकायची, म्हणजे बाळ येईपर्यंत अंथरूण मऊ होतं. आपलं काम आपणच मोजायचं, आपणच काडी टाकायची. पेंढा फळवाल्याकडे मागा, खोक्यांतला फुकट देतो. फक्त मुलांचा हिशोब त्यांच्या पद्धतीचा असतो. आमच्या मुलीने एकच फळी सकाळपासून नऊ वेळा पुसली आणि नऊ काड्या टाकल्या. मी काही बोलले नाही. फळी स्वच्छ झाली होती.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत घर संपत आलं. मुलगा म्हणाला, राजे हॉलमध्ये पोचले तर सणाच्या आधीच येतील, त्यांना लांबून नेऊ या. आणि हिरवा राजा हातात घेऊन तो समोरच्या काकूंकडे गेला. काकूंनी काय, कसं, कुठून, सगळं विचारून घेतलं आणि संध्याकाळी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘अगं, हे तर आमच्या गौरीसारखं. आम्ही नाही का, पावलं काढून गौरीला दारातून आत आणत, घर दाखवत दाखवत नेतो?’ मला हे सुचलंच नव्हतं. त्यांनी राजाला रात्रभर देव्हाऱ्याच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवलं आणि सकाळी हळदीकुंकू लावून पाठवलं. हिरव्या राजाच्या कपाळावरचा तो ठिपका अजून पूर्ण गेलेला नाही.

मग तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा. रेल्वेतून निवृत्त झालेले, जुन्या मंडळींना आठवतील. जिन्यात मुलांनी आवाज केला की दार उघडून नुसतं बघायचे, पुरे व्हायचं. ते आमच्या मुलाला म्हणाले, ‘तुमच्या राजांच्या प्रवासाला काही शिस्त नाही.’ आणि त्यांनी फुलस्केप कागदावर वेळापत्रक करून दिलं. स्थानक, आगमन, प्रस्थान, शेरा. स्थानकांत ‘काकूंचा कोनाडा’, ‘दुसरा मजला, कुंडी’, ‘आजोबा (रेडिओवर)’. शेऱ्यात एके ठिकाणी ‘उंट नादुरुस्त, ४० मिनिटे विलंब’. उंटाचा पाय खरोखरच मोडला होता आणि फेविकॉल वाळायला तेवढा वेळ द्यावा लागला. आजोबा आज नाहीत. कागद मी लॅमिनेट करून घेतलाय, ज्यांना पाहायचा असेल त्यांनी घरी या.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पंचवीस वर्षांच्या स्मरणिकेत फक्त गोडगोडच लिहू नये. पुढे एका वर्षी वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ सुरू झाल्यावर एका सभासदांनी विचारलं, एका धर्माच्या मूर्ती दुसऱ्यांच्या घरांत फिरवायच्या हे बरोबर आहे का? सभेत शांतता झाली. मला राग आला, नाही असं नाही. पण प्रश्न विचारायचा त्यांना हक्क होता, आणि त्यावर नीट बोलणं झालं ते बरंच झालं. तेव्हापासून दोन नियम आहेत. राजा ज्या घरात बोलावलं असेल त्याच घरात जातो, मुलाने हट्ट केला तरी आईने हो म्हटल्याशिवाय नाही. आणि जिन्यात, लॉबीत, पॅसेजमध्ये राजाला मुक्काम नाही, ती जागा सगळ्यांची. त्याच सभासदांची नात पुढे दोन वर्षं लाल राजाला घेऊन गेली. पहिल्या वर्षी आजोबांना विचारूनच.

आता त्या पहिल्या वर्षाकडे येते. जानेवारीची २ तारीख आली. फोन आला की बदली माणूस वेळेवर चढलेला नाही, जहाज सोडता येत नाही. किती दिवस? सांगता येत नाही. मुलांना काय सांगायचं याचा विचार करत मी रात्रभर जागी होते, कारण मीच त्यांना सांगून बसले होते की राजे ६ तारखेला येतील आणि पप्पाही. राजे काय, मी त्यांना पॅसेजमधून उचलून गोठ्यापाशी ठेवले असते. जहाज मला कसं उचलता येणार?

सकाळी मी मुलांना खरं तेच सांगितलं. मुलगा गप्प बसला. मुलीने विचारलं, ‘राजे तरी येणार ना?’ म्हटलं, येणार. ६ तारखेच्या सकाळी लाल राजा आणि हिरवा राजा गोठ्यात होते. उंटवाला राजाही होता, मी स्वतः ठेवला होता. मी चहा करून बाहेर आले तर तो तिथे नव्हता. शोधलं. मुलीने त्याला दाराच्या आत चपलांच्या स्टँडवर, पप्पांच्या सँडलमध्ये उभा केला होता. मी विचारलं, हा का इथे? म्हणाली, ‘तो पप्पांबरोबर येणार आहे. आत्ता आला तर पप्पांना घर कोण दाखवणार?’

तो राजा पाच दिवस सँडलमध्ये उभा होता. आल्यागेल्याला मी त्याच्यावरून पाय जपून टाकायला सांगायची. समोरच्या काकू रोज सकाळी दूध घेताना विचारायच्या, ‘अजून उभाच का?’ ११ तारखेला पहाटे साडेचारला टॅक्सी आली. मिस्टर बॅगा ठेवून सवयीने सँडल काढायला वाकले आणि त्यांच्या हाताला उंट लागला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मुलगी उठून आली, तिने त्यांचा हात धरून कुठे जायचं ते दाखवलं आणि त्यांनी राजाला गोठ्यात नेऊन ठेवलं. नाचणी तोपर्यंत पिवळी पडली होती.

तेव्हापासून आमच्या घरी दोन राजे ६ तारखेला पोचतात आणि तिसरा ज्याची वाट बघायची असेल त्याच्यासाठी स्टँडवर थांबतो. बहुतेक वर्षी तोही ६ तारखेलाच आत जातो, कारण सगळे घरात असतात. काही वर्षी नसतात. मुलगी आता परदेशात नर्स आहे, तिला नाताळात रजा मिळत नाही. गेल्या वर्षी तिसरा राजा १८ फेब्रुवारीपर्यंत चपलांच्या स्टँडवर होता. गोठा कधीच आवरून ठेवला होता, तो एकटाच बाहेर.

आता तुमचे प्रश्न. ज्यांनी मला आधी विचारले तेवढेच घेते.

‘मुलांशी खोटं बोलावं लागतं का?’ मी कधीच म्हटलं नाही की राजे आपले आपण चालतात. ‘बघ बरं, आज कुठे पोचले’ एवढंच म्हणायची. मुलगा नऊ वर्षांचा असताना रात्री पाणी प्यायला उठला आणि मी खुर्चीवर चढून हिरव्या राजाला पंख्याच्या रेग्युलेटरवर ठेवत होते. दोघंही काही बोललो नाही. दुसऱ्या रात्री माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘मम्मी, आजपासून मी ठेवू? तू फार सोप्या जागी ठेवतेस.’ त्या दिवसापासून रात्रपाळी त्याची. बहिणीसाठी त्याने दोन वर्षं इमानाने केली. मग कळलं की तिला त्याच्याही आधीपासून माहीत होतं. त्याला इतकी मजा येतेय तर कशाला सांगायचं, असा तिचा विचार. तेव्हा गुपित फुटेल म्हणून घाबरू नका. ज्याला कळलं त्याला कामाला लावा.

‘किती वर्षांपासून सुरू करावं?’ तीनच्या पुढे. त्याआधी मुलं राजा तोंडात घालतात. सुटणारे तुकडे, बारीक मणी असलेले पुतळे घेऊ नका. गोठ्यात पेंढा असतो, तिथे मेणबत्ती किंवा पणती अजिबात नको. लायटिंगची माळ लावायची तर झोपताना बटण बंद.

‘भेटवस्तू?’ मी ६ तारखेला द्यायची, तीन, दोघांत मिळून. एक खायची, एक वाचायची, एक खेळायची. दोघांत मिळून म्हटल्यावर भांडणं होणारच, ती झाली.

आणि शेवटचा प्रश्न, जो विचारताना दोघीतिघी जरा चाचरल्या. ‘आम्ही ख्रिस्ती नाही, आम्ही केलं तर चालेल का?’ आमच्यासाठी हा श्रद्धेचा सण आहे, तो आम्ही चर्चमध्ये जाऊन, प्रार्थना करून करतो. गव्हाणीत बाळ ठेवायचा क्षण आमच्या घरात खेळाचा नसतो. २४ तारखेच्या मिस्सेहून आल्यावर घरातलं सगळ्यात लहान माणूस ते करतं आणि आम्ही सगळे उभे असतो. पण वाटेवरचे प्रवासी सगळ्यांचे. त्यांना एक रात्र ठेवून घ्यायला, चारापाणी करायला कुणाचीच आडकाठी नाही. कुणाला तेही नको असेल तर मुलांना घेऊन किल्ल्याचे मावळे चालवा, गौर आणताना पावलं मुलांना काढू द्या. उधार घ्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे. पण रोज थोडं थोडं करा. एका रात्रीत झाड, लायटिंग, केक, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं माळ्यावर, यात मुलाला करण्यासारखं काय उरतं?

तर आता कामाचं. या वर्षी बारा घरांनी राजांना बोलावलंय, त्यांतली पाच ए विंगची. गच्चीतून जायचं की खालून, यावर मुलांमध्ये वाद चालू आहे. तो त्यांनीच मिटवायचाय. नाचणीचे दाणे मी पुड्या करून आणलेत, जाताना घेऊन जा. रात्रभर भिजवा, उथळ कुंडीत पेरा, पाणी शिंपडा, ओतू नका. १६ तारखेला संध्याकाळी सात वाजता मुलांना आमच्याकडे पाठवा, चिठ्ठी काढून पहिला मुक्काम ठरवू. उंटाचा पाय चार वेळा चिकटवलेला आहे, त्याला पाठीला धरा. आणि ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी आधी सांगा.